मधुमेह नाही, बीपी नाही, तरी पक्षाघात: मेटाबॉलिक सिंड्रोमचं एक प्रकरण

रुग्ण ५२ वर्षांच्या. हिशेबाचं बैठं काम, तंबाखू-दारू नाही, पाळी बंद होऊन तीन वर्षं झालेली. वडिलांना साठीनंतर अर्धांगवायू झाला होता. "मला कसलाच आजार नाही," हे त्यांनी तातडीच्या कक्षात सांगितलेलं पहिलं वाक्य, आणि कागदोपत्री ते खरंही होतं. (हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांत नेहमी आढळणारे तपशील एकत्र करून ते उभं केलं आहे.)

त्या दुपारी

अडीचच्या सुमारास काम करताना उजव्या हातातून माऊस निसटला. परत धरायला गेल्या तर बोटं ऐकेनात. शेजारी बसणाऱ्या बाईंना काही सांगायला तोंड उघडलं, शब्द डोक्यात होता, पण तोंडून भलताच बाहेर आला. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. मग त्यांनी पाणी प्यायलं, हातातलं काम पुरं केलं आणि घरच्यांनी फारच धरून बसल्यावर संध्याकाळी साडेसातला रुग्णालय गाठलं. मधे पाच तास गेले.

लक्षणं आपोआप गेली की "थकवा असेल" म्हणून विषय संपवणं माणसाच्या स्वभावातच आहे. पण हीच वेळ सर्वांत नाजूक असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, अशा तात्पुरत्या झटक्यानंतर ९० दिवसांत सुमारे १०.५ टक्के रुग्णांना पक्का पक्षाघात झाला, आणि त्यातल्या निम्म्यांना तर पहिल्या दोन दिवसांतच. आता उपचार लवकर सुरू होतात म्हणून हा आकडा बराच खाली आला आहे. पण तो खाली येण्यासाठी रुग्ण त्याच दिवशी दारात यावा लागतो.

तपासणीत रक्तदाब १५८/९४, नाडी नियमित, हातापायांची ताकद आणि बोलणं दोन्ही ठीक. पक्षाघाताची तीव्रता मोजणाऱ्या तक्त्यावर गुण शून्य. पुढचा धोका जोखणाऱ्या एबीसीडी-२ या गुणपत्रिकेत मात्र चार: रक्तदाबाचा एक, शरीराच्या एका बाजूच्या कमजोरीचे दोन, लक्षणं दहा मिनिटांहून जास्त पण तासाभराच्या आत टिकली त्याचा एक. वय साठच्या आत, म्हणून तिथे शून्य. मधुमेहाच्या रकान्यातही शून्य, कारण साखर 'काठावर' आहे याला ही गुणपत्रिका काहीच किंमत देत नाही. या प्रकरणात हे शून्य पुन्हापुन्हा भेटणार आहे.

एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात (मेंदूची ताजी इजा त्यात दिसते) डाव्या बाजूला, मेंदूच्या पुढच्या भागाच्या पृष्ठभागाजवळ एक लहानसा पांढरा ठिपका चमकत होता. म्हणजे लक्षणं गेली तरी मेंदूचा तेवढा तुकडा गेला होता. पूर्वी २४ तासांच्या आत लक्षणं गेली की त्याला तात्पुरता झटकाच म्हणत. आता निकष घड्याळाचा नाही, पेशी मेल्या की नाही हा आहे. त्या हिशेबाने हा पक्षाघातच, छोटा पण पक्का. उजव्या बाजूला, मेंदूच्या खोल भागात, आणखी एक बारीक जुना डाग निघाला. तो कधी पडला हे बाईंना सांगता आलं नाही, कारण त्यांना तो कधी जाणवलाच नव्हता. मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे घेर, दाब, साखर आणि चरबी यांचे बिघाड एकत्र येणं, असलेल्यांत असे मुके डाग जास्त सापडतात.

मानेतल्या डाव्या कॅरोटिड धमनीत चरबीचा खडबडीत थर होता आणि वाट साधारण ४० टक्के अरुंद झालेली. हृदयाची सोनोग्राफी व्यवस्थित. आधी एक दिवस आणि नंतर दोन आठवडे हृदयाचे ठोके नोंदवले, त्यात एट्रियल फिब्रिलेशन (हृदयात गुठळ्या होऊ देणारी ठोक्यांची अनियमितता) मिळालं नाही. पक्षाघाताचं कारण ठरवण्याची जी रूढ वर्गवारी आहे, तीत मोठ्या धमनीला दोषी धरायला किमान ५० टक्के अरुंदपणा लागतो. त्यामुळे नियमावर बोट ठेवलं तर निदान होतं 'कारण अनिश्चित'. पण ठिपका त्याच धमनीच्या हद्दीत, थर खडबडीत, हृदय निर्दोष. त्या थरावरून गुठळीचा कण सुटून वर गेला, हेच स्पष्टीकरण मला सर्वांत सरळ वाटतं.

फाइलमध्ये काय होतं

बाई दरवर्षी नेमाने तपासणी करून घेत. तीन वर्षांचे कागद त्यांनी नीट लावून आणले होते. रक्तदाब: १३२/८६, १३८/८८, १३६/८८. १४०/९० ही सीमा धरणाऱ्या डॉक्टरांनी तिन्ही वेळा 'ठीक' लिहिलं. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या अनुक्रमे १२६ आणि ६.५ या रेषांच्या अलीकडे. शेरा: 'गोड कमी करा.' ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २१४, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३८. बीएमआय (उंचीच्या हिशेबात वजन) २७.४, लठ्ठपणाच्या ३० या आंतरराष्ट्रीय आकड्यापासून बऱ्यापैकी दूर.

एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १२८. त्यापुढे छापलेलं होतं 'जवळपास योग्य'. इथे थोडं थांबायला हवं. हा आकडा प्रयोगशाळेने मोजलेला नव्हता, काढलेला होता: एकूण कोलेस्टेरॉल २०९, त्यातून एचडीएल ३८ वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ४३, वजा. उरले १२८. ट्रायग्लिसराइड चढलेलं असलं की हा हिशेब परिस्थितीला थोडी सौम्य करून दाखवतो. शिवाय अशा रुग्णांत एलडीएलचे कण लहान आणि दाट असतात, त्यामुळे तेवढ्याच कोलेस्टेरॉलमागे कणांची संख्या जास्त असते, आणि धमनीच्या भिंतीत शिरतात ते कण. त्यापेक्षा एकूणातून फक्त एचडीएल वजा करावं: १७१. नॉन-एचडीएल नावाचा हा आकडा रिपोर्टवर कुठेच नव्हता, पण तो काढायला एक वजाबाकी पुरते.

आणि कमरेचा घेर? छापील अर्जात त्याचा रकाना होता. तिन्ही वर्षं कोरा. वजनकाटा सगळ्यांकडे असतो, टेप कुणी काढत नाही. आम्ही मोजला: सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडल्यावर. ९४ सेंटिमीटर. बाईंना वाटत होतं ८० असेल, कारण कपड्यांचं माप तेच सांगत होतं.

आता हे आकडे एका कागदावर मांडू. २००९ मध्ये अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून ठरवलेल्या निकषांनुसार पाचपैकी कोणतेही तीन असले की मेटाबॉलिक सिंड्रोम: कमरेचा घेर त्या-त्या लोकसमूहाच्या मर्यादेपलीकडे, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल स्त्रियांत ५० पेक्षा आणि पुरुषांत ४० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. औषध चालू असेल तर तो निकष भरलाच असं धरतात. स्त्रियांसाठी घेराची मर्यादा दक्षिण आशियाई वंशात ८० सेंटिमीटर, तर अमेरिकी तक्त्यात ८८. आपल्या रुग्णाच्या बाबतीत कोणता तक्ता घ्यावा हा वाद घालायची गरजच नव्हती. पाचही निकष भरत होते. न मोजलेला घेर सोडला तर बाकीचे चार तीन वर्षांपासून.

म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांच्या रेषांच्या त्या अलीकडे होत्या, आणि तरी पाचही दिवे लागलेले होते. कुणी चुकीचं वाचलं असं नाही. ज्याने त्याने आपापला आकडा बरोबर वाचला, एकत्र कुणी वाचले नाहीत.

या आकड्यांचं मेंदूशी नातं

१९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन या अमेरिकी संशोधक डॉक्टरांनी एका व्याख्यानात हे विकार एकत्र का येतात याची मांडणी केली आणि त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. मुळाशी इन्शुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्शुलिन भरपूर असूनही स्नायू आणि यकृत त्याचं म्हणणं ऐकत नाहीत. गंमत म्हणजे आज जो निकष सगळ्यांना पहिला आठवतो, तो लठ्ठपणा त्यांच्या मूळ यादीत नव्हता. २००५ पर्यंत तर स्वतः रीव्हनच विचारू लागले की निदान म्हणून या लेबलचा उपयोग काय. त्याच वर्षी अमेरिकेच्या आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनीही मिळून हीच शंका काढली. या वादाकडे पुढे येऊच.

पोटातल्या, आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात जातात. यकृत त्यातून ट्रायग्लिसराइडने भरलेले कण बनवून रक्तात सोडतं. त्या देवाणघेवाणीत एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण लहान होतात. धमनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, म्हणून वाहिनी सैल होत नाही. मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, सिंपॅथेटिक मज्जासंस्था चेकाळते, दाब वाढतो. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात, तर धमन्यांचं रक्षण करणारं अॅडिपोनेक्टिन कमी होतं. आणि पक्षाघाताच्या दृष्टीने महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट: पीएआय-१ हे प्रथिन वाढतं. शरीर स्वतःच्या गुठळ्या विरघळवत असतं, त्या कामाला हे प्रथिन आडकाठी घालतं. म्हणजे थर साचायला, थर फाटायला आणि झालेली गुठळी टिकून राहायला, तिन्हीला एकाच घरातून मदत.

धोका किती वाढतो? २०१० च्या एका एकत्रित विश्लेषणात ८७ अभ्यासांतल्या साडेनऊ लाख लोकांची माहिती होती. त्यात मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे २.२७ पट निघाला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या दुसऱ्या पिढीवरचं २००६ चं विश्लेषण या प्रकरणाला जास्त लागू पडतं, कारण तिथे मधुमेह आणि सिंड्रोम वेगळे काढून पाहिले. नुसता सिंड्रोम असेल तर धोका २.१० पट, नुसता मधुमेह असेल तर २.४७, दोन्ही असतील तर ३.२८. वरवर पाहता मधुमेह जास्त वाईट. पण सिंड्रोम असलेले लोक कितीतरी जास्त असतात. त्यामुळे समाजातल्या एकूण पक्षाघातांपैकी सिंड्रोमच्या खात्यावर १९ टक्के गेले आणि मधुमेहाच्या ७ टक्के. फक्त स्त्रिया पाहिल्या तर हेच प्रमाण २७ आणि ५. "मला शुगर नाही" या वाक्याने मिळणारा दिलासा किती तोकडा आहे, ते या दोन आकड्यांत दिसतं.

आता वाद. पाच घटक एकत्र आले म्हणून धोका त्यांच्या बेरजेपेक्षा जास्त होतो का? माझं मत असं की पक्षाघाताच्या बाबतीत तसं ठामपणे म्हणता येत नाही. घटकांचा परिणाम वेगवेगळा वजा करत गेलं की लेबलचा स्वतंत्र वाटा बराच आटतो, आणि सर्वांत मोठा हिस्सा रक्तदाबाचा निघतो. दुसरी अडचण म्हणजे लेबल हो-नाहीत बोलतं, शरीर तसं बोलत नाही. २००२ मध्ये सुमारे दहा लाख प्रौढांच्या माहितीवरून दिसलं की ११५/७५ पासून वर कुठेही सुरक्षित पायरी नाही. ४० ते ६९ या वयात वरचा दाब २० ने वाढला की पक्षाघाताने मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त होतो. ११५ च्या तुलनेत १३६ म्हणजे तेवढीच एक पायरी. 'ठीक' या शेऱ्याखाली ती लपली होती.

मग हे लेबल ठेवायचं कशाला? माझ्या लेखी त्याचा उपयोग एकच, पण मोठा आहे: ते काठावरच्या आकड्यांची बेरीज करायला भाग पाडतं. उपचार सांगण्याची मात्र त्याची कुवत नाही. सिंड्रोमवर एक गोळी नाही.

उपचारातले निर्णय

काही गोष्टींत विचार करायला फारसं नव्हतं. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधं एकत्र, २१ दिवस, मग एकच औषध. २०१३ च्या 'चान्स' चाचणीत या जोडीने ९० दिवसांतला पक्षाघात ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आणला होता. जोडी जास्त लांबवली तर फायदा थांबतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढत राहतो. कॅरोटिडची शस्त्रक्रिया नाही, ४० टक्क्यांना तिचा लाभ नसतो. अॅटोर्वास्टॅटिन मोठ्या मात्रेत, एलडीएल ७० च्या खाली आणण्यासाठी. स्टॅटिनमुळे मधुमेह होण्याची शक्यता किंचित वाढते, आणि बाई आधीच त्या उंबरठ्यावर. हे त्यांना सांगितलं. पण एक पक्षाघात होऊन गेलेल्या माणसात दोन पारडी बरोबरीची नसतात.

रक्तदाबाला पेरिंडोप्रिल आणि कमी मात्रेत इंडापमाइड. २००१ च्या 'प्रोग्रेस' चाचणीत पेरिंडोप्रिलवर, गरजेप्रमाणे इंडापमाइड जोडून, पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं, आणि ज्यांचा रक्तदाब मुळात जास्त नव्हता त्यांनाही फायदा झाला. इंडापमाइडसारख्या औषधांनी पोटॅशियम उतरतं, साखर थोडी चढू शकते, म्हणून दोन्हींवर नजर. लक्ष्य १३०/८० च्या खाली, आणि मोजणी घरी, बसून, पाच मिनिटं गप्प राहून.

खरी चर्चा झाली पायोग्लिटाझोनवर, म्हणजे इन्शुलिन रेझिस्टन्स कमी करणाऱ्या गोळीवर. या प्रकरणाला नेमकी बसणारी एक चाचणी आहे, २०१६ ची 'आयरिस'. पक्षाघात किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेले, इन्शुलिन रेझिस्टन्स असलेले पण मधुमेह नसलेले ३,८७६ रुग्ण. ४.८ वर्षांत पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के, न घेणाऱ्यांत ११.८ टक्के. मधुमेह व्हायचं प्रमाणही घटलं. इन्शुलिन रेझिस्टन्सवर थेट घाव घातला तर पक्षाघात टळू शकतो याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे नाही. पण त्याच चाचणीत वजन वाढलं, सूज आली आणि हाडं जास्त मोडली. आपल्या रुग्णाच्या हाडांची घनता पाळी बंद झाल्यापासून आधीच उतरलेली निघाली. गोळी दिली नाही. पन्नाशीच्या, भक्कम हाडांच्या, हृदय दुबळं नसलेल्या पुरुषात मी कदाचित दिली असती.

घोरण्याबद्दल बाईंनी काही सांगितलं नव्हतं, ते घरच्यांनी सांगितलं. झोपेच्या तपासणीत तासाला १८ वेळा श्वास अडकत होता, म्हणजे मध्यम स्लीप अॅप्निया. सीपॅप यंत्र (झोपेत मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) दिलं, पण 'याने पक्षाघात टळेल' असं आश्वासन दिलं नाही. २०१६ च्या 'सेव्ह' चाचणीत ते सिद्ध झालेलं नाही. अर्थात त्या चाचणीत लोक यंत्र रात्रीचे सरासरी सव्वातीन तासच लावत होते. दिवसा येणारी झोप कमी होणं आणि दाब थोडा उतरणं, एवढ्यासाठीही ते लावण्यासारखं आहे.

घरी सोडताना बाईंनी विचारलं, "डॉक्टर, यातलं मी काय करायचं आणि गोळ्यांनी काय करायचं?" प्रश्न नेमका होता. गोळ्या दाब आणि एलडीएल खाली आणतात, गुठळी रोखतात. घेर, ट्रायग्लिसराइड आणि साखर यांचं दार मुख्यतः हालचाल आणि वजनाने उघडतं. मधुमेह टाळण्यासाठीच्या २००२ च्या अमेरिकी चाचणीत वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे उद्दिष्ट होतं. त्याने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. आम्ही तेच उद्दिष्ट लिहून दिलं. एक भर घातली: कामाच्या जागी दर तासाला उठायचं, कारण बैठक हीच त्यांची खरी अडचण होती.

सहा महिन्यांनी

वजन ६६.७ वरून ६२.४ किलो. घेर ९४ वरून ८७. घरचा सरासरी रक्तदाब १२४/७८. ट्रायग्लिसराइड १४२, एचडीएल ४१, एलडीएल ६१. उपाशीपोटी साखर १०४, एचबीए१सी ५.८. पोटॅशियम ठीक. नवीन लक्षण नाही.

बाई खूश होत्या, आणि फाइल उघडून म्हणाल्या, "मग सिंड्रोम गेला ना?" नाही. पुन्हा मोजलं तर पाचांपैकी चार निकष अजून भरतात: घेर ८० च्या वर, एचडीएल ५० च्या खाली, साखर १०० च्या वर, आणि रक्तदाब औषधामुळे आपोआप. फक्त ट्रायग्लिसराइडचा दिवा विझला. अमेरिकी तक्ता लावला तर घेराचाही विझतो आणि उरतात तीन, तरी लेबल तिथल्या तिथेच. उलट धोक्याचा मोठा वाटा उचलणाऱ्या दोन गोष्टी, दाब आणि एलडीएल, पार बदललेल्या आहेत. त्यांना तेच सांगितलं: निकष मोजायचे ते धोका ओळखायला. प्रगती मात्र आकड्यांत बघा, दिव्यांत नको.

मानेतल्या धमनीची डॉप्लर तपासणी वर्ष पूर्ण झाल्यावर पुन्हा करायची आहे. एकट्या अॅस्पिरिनवर त्या आता कायम असतील. साखर पुन्हा चढून मधुमेहाची रेषा ओलांडली, तर साखर आणि वजन उतरवणाऱ्या जीएलपी-१ गटातल्या औषधांचा विचार होईल, कारण मधुमेहींत त्यांतल्या काहींनी पक्षाघाताचं प्रमाण घटवल्याचं दिसलं आहे. सीपॅप यंत्राच्या नोंदीत रात्रीचे साडेचार तास दिसत होते. पुढच्या भेटीपर्यंत ते सहावर आणायचं ठरलं. आणि धाकट्या बहिणीला, जिची साखर 'थोडीशीच' जास्त आहे, टेप घेऊन सोबत आणायचं.